एक हात माती

खडकउंबर, जि. लातूर
९ फेब्रुवारी १९८६

दादा,
सप्रेम जयभीम.

पत्र कामाचं आहे, म्हणून कामापासूनच सुरू करते. नगरपालिकेने गावातल्या सगळ्या घरांची मोजणी नव्याने काढली आहे. घरपट्टी वाढवायची की नाही, हे पुढच्या महिन्यातल्या सभेत ठरेल. मोजणीचं काम माझ्याकडे आहे. आबांच्या मागे आपलं घर तुझ्या नावावर झालं, तेव्हा नोटीस नांदेडला तुझ्या पत्त्यावर येईल. तिच्यात तुला ‘आपण’ म्हटलेलं असेल आणि खाली माझी सही असेल. नवल वाटू नये म्हणून आधी कळवते.

बिलोलीच्या स्थळाला मी नकार दिल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, आपलं बोलणं नाही. त्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही. वहिनींच्या भावाचं लग्न झाल्याचं कळलं. चांगलं झालं.

गावात टँकर आठवड्याने येतो. विहिरींत उतरलेली माणसं घागरी न भरताच वर येतात. धरणातून नळयोजना मंजूर होऊ शकते, पण सरकार म्हणतं, आधी नगरपालिकेने आपला हिस्सा उभा करावा. तो घरपट्टीतूनच उभा राहील. आईला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, “उस्मानाबाद जिल्हा व्हता तवा लांब व्हता, म्हणून पाणी न्हवतं. आता लातूर जिल्हा झाला, जवळ आला, तरी पाणी न्हाईच. मंग जवळ काय आलं?”

काल आपलं घर मोजलं. टेपचं दुसरं टोक आईनेच धरलं. “मायच्या घराला लेक कर लावून राहिली,” असं शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली आणि हसली. दात दुखतोय तिचा, हसताना गालावर हात ठेवते.

छताचं तुला सांगून ठेवते. आबांनी घातलेला चुन्याचा कोबा अजून धड आहे. त्याखाली माती जेमतेम चार बोटं. दर उन्हाळ्यात सगळं गाव आपापल्या माळवदावर पांढरी माती चढवायचं, पाऊस गळू नये म्हणून, आणि आबा तेवढे चढवायचे नाहीत. तुला आठवत असेल. तुळया जुना करोडगिरी नाका, निजामाचं जकातघर, पाडला तेव्हा घेतलेल्या. “आपल्या अगुदर निजामाचं वझं सोसलंय ह्या लाकडानं, आता माझं नगं,” असं ते म्हणायचे. मधली तुळई मी ठोकून पाहिली. पूर्वेचं टोक भिंतीत जातं तिथे आवाज पोकळ येतो. वाळवी आहे. आहे त्या वजनाला तुळई पुरेल. जास्तीच्या वजनाला नाही.

आईने तुला काही निरोप दिलेला नाही. मी विचारलं होतं.

सिंधु


खडकउंबर
२ मार्च १९८६

दादा,

सभा झाली. घरपट्टी वाढवायचा ठराव तत्त्वतः मंजूर झाला. आता हरकती मागवतील आणि मे महिन्यात तो कायम होईल किंवा बारगळेल.

सभेत काय झालं ते लिहिते, कारण तुझ्या घराचा दर त्यावरून ठरणार आहे. नगराध्यक्ष शिवलिंगअप्पा म्हणाले, “गरिबाला सूट पायजे. मातीचं माळवद म्हंजे गरिबाचं घर. त्याला निम्मीच पट्टी लावा.” सगळ्यांनी बाकं वाजवली. मागून कोणीतरी म्हणालं, “मग अप्पा, उद्या मी माझ्या स्लॅबवर दोन टोपली माती टाकतो, मीबी गरीब!” हशा झाला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. ह्याला पळवाट ऱ्हाऊ नये असं कायतरी लिहा.”

मी लिहिलं. गावातल्या खऱ्या माळवदांवर माती साधारण एक हात असते, हे मोजणीत दिसलं होतं. म्हणून ‘छतावर किमान एक हात मातीचा थर असलेली घरे कच्ची समजावीत’, असं वाक्य घातलं. दोन टोपल्यांवर कोणी सूट घेऊ शकणार नाही, एवढाच विचार होता. वाक्य नेमकं आहे म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी शाबासकी दिली.

या नियमाने आपलं घर पक्क्यात जातं, कारण वर कोबा आहे. पट्टी पूर्ण लागेल. तुझा पगार पाहता ती तुला जड नाही. तरी हरकत घ्यायची असेल तर अर्ज साध्या कागदावर चालतो.

आई विचारते, नांदेडला पाणी येतं का. मी म्हटलं, येत असेल.

सिंधु


खडकउंबर
२३ मार्च १९८६

दादा,

दुष्काळी बैठकीसाठी मला चार दिवस लातूरला पाठवलं होतं. काल संध्याकाळी परतले. बसमधून उतरले तेव्हा वेशीपासून बाजारापर्यंत गाढवांची रांग होती. गावाबाहेरची पांढर, जुन्या वस्तीचं टेकाड, निम्मं खणून झालं आहे. दगडोबाची गाढवं दिवसभर माती वाहतात. शिड्या लावून बाया टोपली टोपली वर चढवतात. सगळ्या गावाला कच्चं व्हायचं आहे.

ज्यांची माळवदं वाहून पातळ झाली होती त्यांनी वर भर घातली. कोबेवाल्यांनी कोब्यावर घातली. आणि मोजायला माणूस आला की कमी भरू नये म्हणून एक हाताच्या जागी दीड हात घातली. घरांची लाकडं कोणी पाहिली नाहीत.

आपल्याही घरावर दीड हात माती आहे.

आईने सांगितलं, तुझं कार्ड सटवाजीकाकांना आलं होतं. ‘छतावर नियमाप्रमाणे माती घालून घ्यावी’, असं. म्हणजे माझी दोन्ही पत्रं तुला मिळाली आणि तू वाचलीस. त्यातलं एकच वाक्य घेतलंस, एवढंच मला कळलं.

काकांना मी विचारलं, तुमच्या घरावर का नाही घातली? ते म्हणाले, “माझं पत्र्याचं घर हाय, पोरी. पत्र्यावर माती ऱ्हाती का? म्या आपली पुरी पट्टी भरंल.” मग म्हणाले, “तुझ्या सिरमंतदादानं मोठ्या मनानं काम सांगितलं. मायसाठी करून राहिलाय म्हणलं. न्हाई कसं म्हणावं?”

दादा, आता आकडे बघ. एका बाजेएवढ्या जागेवर दीड हात कोरडी माती म्हणजे भरलेल्या बैलगाडीचं वजन. आपल्या मधल्या खोलीवर अशा कितीतरी गाड्या उभ्या आहेत. ती माती भिजली की प्रत्येक गाडी पावपटीने जड होईल. सध्या दुष्काळ आहे म्हणून घर उभं आहे.

माती उतरवायला आई तयार नाही. म्हणते, “घर सिरमंतचं, माती सिरमंतची. त्यानं सांगितलं तर काढीन.” तेव्हा तुला एकच करायचं आहे. काकांना जसं कार्ड टाकलंस तसं एक आईला टाक. ‘माती काढ’ एवढे दोन शब्द पुरतील. माझं नाव त्यात नसलं तरी चालेल.

सिंधु


खडकउंबर
१४ एप्रिल १९८६

दादा,
जयभीम.

आज जयंती. मिरवणूक लहान काढली. खीर नव्हती, दूध कुणाकडेच नाही. आईने पांढरं लुगडं नेसून सकाळपासून उंबऱ्यात बसून घेतलं होतं. नांदेडची बस दुपारी येते. ती येऊन गेल्यावर आई उठली आणि म्हणाली, “चल, वंदनेला उशीर हुईल.”

तुझं कार्ड आलेलं नाही. सटवाजीकाकांना मात्र आलं: ‘सिंधुला सांगा, घरात ढवळाढवळ करू नको.’ काकांनी ते माझ्यासमोर धरलं आणि नजर दुसरीकडे केली.

मी मधल्या तुळईखाली एक दोरा बांधला आहे. पूर्वेच्या भिंतीतल्या खिळ्यापासून पश्चिमेच्या खिळ्यापर्यंत, अगदी ताणून. बांधला तेव्हा तुळई आणि दोरा यांत तीन बोटं जात होती. आता दोन जातात. दुसऱ्या दिवशी पाहते तर आईने त्यावर चोळी वाळत घातलेली. “लई कामाची दोरी बांधलीस गं,” म्हणाली. मी चोळी काढली, दोरा पुन्हा ताणला. आता चोळी ती खिडकीत वाळवते आणि दोऱ्याकडे मान वर करून बघत नाही. कशासाठी आहे ते तिला कळलं आहे.

गेल्या आठवड्यात बाजारगल्लीत धुरपताबाईंच्या ओसरीचं छत बसलं. पाऊस नाही, वारा नाही, भर दुपारी. बाई पाण्याच्या रांगेत होत्या म्हणून वाचल्या. खाली बांधलेली बकरी गेली. मी पाहायला गेले तेव्हा तिथे जमलेल्या एकाने विचारलं, “बाईसाहेब, ह्या घराला आता कच्चं लिहिता का पक्कं?” दुसरा म्हणाला, “सपाट लिवा!” सगळे हसले. धुरपताबाईही हसल्या. मग मातीच्या ढिगात हात घालून बकरीचं दावं शोधू लागल्या.

तुळई आत कुजलेली होती. वरून दिसत नव्हतं.

मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवलं आहे की एक हाताची अट काढावी, उलट एक हाताहून जास्त माती असलेल्या घरांना पूर्ण दर लावावा, म्हणजे लोक आपणहून माती उतरवतील. सभा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आहे.

तोवर तुझ्या कार्डाची वाट पाहते. दोन शब्द.

सिंधु


खडकउंबर
१५ मे १९८६

दादा,

परवा सभा होती. काय झालं ते क्रमाने लिहिते.

माझी दुरुस्ती बाहेर फुटली होती. सकाळीच नगरपालिकेसमोर लोक जमले, येताना गाढवं घेऊन आले. दगडोबा पुढे. आवारात गाढवं सोडली आणि घोषणा सुरू झाल्या: “एक हात माती, बाईच्या माथी!” साखराबाई, तुझ्या वर्गातल्या पंढरीची आई, खिडकीशी येऊन मला म्हणाली, “पहिलं म्हणली चढवा, आता म्हणती उतरवा. आमच्या कंबरा काय शासनाच्या हायेत का गं भवाने?” तिची कंबर खरोखर वाकली होती. तिने चार दिवस टोपल्या वाहिल्या आहेत.

शिवलिंगअप्पा बाहेर पायरीवर उभे राहिले. दोन्ही हात वर केले आणि जाहीर केलं की घरपट्टीची वाढच रद्द. कच्चं नाही, पक्कं नाही, सगळ्यांना जुनाच दर. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. गुलाल होता, म्हणजे कोणाला तरी आधीच ठाऊक होतं.

म्हणजे नळयोजनाही गेली. धरणापासून आखणी करताना रोवलेले खुणेचे दगड काल बायकांनी उपटून नेले, चुलींना.

संध्याकाळी अप्पांना एकटं गाठलं. म्हटलं, आता दर एकच झाला, आता तरी माती उतरवायचा हुकूम काढा. जुन्या लाकडांवर ती राहू शकत नाही. ते चहा बशीत ओतत होते. म्हणाले, “बाई, पट्टी माफ केली म्हणून खांद्यावर घेतलं लोकांनी. आता माती काढा म्हणलं तर मलाच काढतील. आन् माती गार ऱ्हाती हो उन्हाळ्यात. लोकं खूश हायेत.” मी म्हटलं, पाऊस आला तर? त्यांनी बशी खाली ठेवली. “पाऊस? दोन वर्सं झाली त्याला बघून. आधी येऊ द्या, मग बघू.”

माती ज्या कारणासाठी चढवली ते कारण गेलं. माती राहिली. चढवायला सगळे होते, उतरवायला कोणी नाही.

काल सुट्टी होती. शिडी लावली, फावडं घेतलं आणि वर गेले. एक कोपरा खणला असेल. खालून आईने हाक मारली नाही. मला वाटलं, समजली. मग झरोक्यातून आत पाहिलं. मधल्या तुळईच्या बरोबर खाली ती मांडी घालून बसली होती. मी म्हटलं, आई, बाहेर ये, माती हलते आहे, खाली थांबू नको. ती म्हणाली, “काढ की. म्या इथंच बसते. ल्योकानं टाकलेली माती लेकीनं काढली, असं लोकाच्या तोंडून ऐकण्यापरीस हे बरं.” मी म्हटलं, दादाला घराचं काही पडलेलं नाही. ती म्हणाली, “पडलं नसतं तर माती टाक म्हणला असता का? तीन वर्सांत त्यानं घराचं इचारलेलं हे पयलंच काम हाय.”

मी उतरले. शिडी अजून तिथेच आहे.

दोऱ्यात आता बोट जात नाही.

तिला तुझ्याकडे घेऊन जा असंही मी म्हणू शकते. म्हणते. जूनच्या आत घेऊन जा. माझ्याबरोबर ती कुठेही यायला तयार नाही, नगरपालिकेच्या धर्मशाळेत नाही, काकांच्या पत्र्याखाली नाही. तू बोलावलंस तर चपलासुद्धा न घालता निघेल.

सिंधु


खडकउंबर
६ जून १९८६

दादा,

उद्या मृग निघतो.

आज दुपारपासून निलंग्याच्या बाजूने आभाळ भरून येत आहे. दोन वर्षांत असं आभाळ कोणी पाहिलेलं नाही. सगळं गाव रस्त्यावर आहे. दगडोबाने गाढवांना हळदीकुंकू लावलं. शिवलिंगअप्पा मारोतीच्या पारावर पेढे वाटत बसले आहेत. मी कचेरीतून येत होते तर साखराबाईने मला हाताला धरून थांबवलं, मागचं सगळं विसरून, “बग की वर पोरी, बग कसं काळं झालंय!” मी वर बघितलं. मग सवयीने घरांकडे बघितलं. ओळीने सगळी माळवदं, आणि प्रत्येकावर ती माती, उन्हाने भेगाळलेली. पाणी भेगांतून थेट आत जाईल. घरोघरी जाऊन मी सांगितलं होतं की पाऊस आला तर बाहेर पडा. काही म्हणाले, पडू. बहुतेक म्हणाले, बाईंना पावसाचं वावडं आहे.

आपल्या घरात मी दोन टेकू दिले आहेत. बाभळीचे, खाली दगड ठेवून. जमीन मातीची आहे, ओलावली की दगड बसतील. टेकू म्हणजे मुदतवाढ, दुसरं काही नाही.

दोरा काल काढून टाकला. तुळईने तो खाली दाबला होता. आता मोजायला दोरा लागत नाही.

आईला शेवटचं विचारलं. बाज निदान भिंतीकडे घे म्हटलं, मधल्या तुळईखालून हलव. ती म्हणाली, “तिथून दार दिसत न्हाई.” मी म्हटलं, दार कशाला दिसायला पाहिजे? “दार दिसलं म्हंजे वाट दिसती. रातबेरात आला तर आवाज द्यायला नगं त्याला. म्या जागीच असते.”

तीन वर्षं बाज तिथे का आहे, ते मला आज कळलं. मी घर दोनदा मोजलं, बाजेची जागाही लिहिली, आणि हे विचारलं नाही.

तुला दोष देण्यासाठी लिहीत नाही. नियम माझा, कार्ड तुझं, हट्ट तिचा. यातलं एक जरी नसतं तर छतावर चार बोटं माती असती.

मी आज कचेरीतून माझं सामान घरी आणलं. नकाशे आणि टेप मुख्याधिकाऱ्यांकडे जमा केले. पाऊस सुरू झाला की तिला उचलून बाहेर नेता येईल का, याचा विचार करून झाला. ती बाजेचे गात, कडेची लाकडं, घट्ट धरून ठेवील. मी तिला ओळखते. तरी प्रयत्न करीन. त्यासाठी जवळ असायला हवं. म्हणून माझी बाज तिच्या बाजेला लावून टाकली आहे. तिने विचारलं, “इथं कामून?” मी म्हटलं, इथून दार दिसतं.

ती बाजूला सरकली आणि मला उशाशी जागा करून दिली.

आता वारा सुटला आहे. बाहेर पोरं ओरडत आहेत. टपालाची पिशवी निघायच्या आत हे काकांच्या हाती द्यायचं आहे, म्हणून थांबते.

उत्तर पाठवशील तर सटवाजीकाकांच्या पत्त्यावर पाठव. नाहीतरी तू तिथेच पाठवतोस. या घराच्या पत्त्यावर आता पाठवू नकोस.

सिंधु